उत्तर कोणाचे?



मुलांचा गृहपाठ पाहून पुष्कळ आईवडिलांना धडकी भरते. गणित असेल तर अधिकच. कोणी दिवसभर पॉवरलूमवर उभे राहून येते, कोणी विड्या वळता वळता घर सांभाळते. स्वतःची शाळा सातवी-आठवीत सुटलेली. मग आपण मोबाईल मुलाच्या हाती देतो आणि म्हणतो, "बघ त्यात, सापडेल." सापडतेही! गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर दाखवणारी ॲप आज आहेत. वही पूर्ण होते, बाईंची सही मिळते. पण ते उत्तर कोणाचे?

साधनाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत, रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. पालकांच्या मोबाईलवर तो कोड टिपला की धडा घरी ऐकता-पाहता येऊ लागला. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. खान अकॅडमीही अशीच सुरू झाली. २००४ साली सलमान खान (सिनेमातले नव्हेत!) दूर राहणाऱ्या नात्यातल्या बहिणीला गणित समजावून सांगू लागले, त्यातून ती वाढली. दोन्हीकडे हेतू एकच होता: समोरच्या मुलाला कळावे.

हाच हेतू आपण कसोटी म्हणून घेऊ. मोबाईल समजावतो तेव्हा तो शिक्षकाचा मदतनीस. तो नुसते उत्तर देतो आणि मूल ते आपले म्हणून उतरवते, तेव्हा गणित बरोबर येते, पण वही खोटे बोलते. त्या खोट्याने फसतात ते केवळ गुरुजी नव्हेत. आपल्याला येते की नाही, हे त्या मुलालाही कळेनासे होते.

कोणी म्हणेल, दुकानदारही कॅल्क्युलेटर वापरतोच की! खरे आहे. परंतु बिल १२० च्या आसपास यावे हे त्याला ठाऊक असते. यंत्रावर १२०० दिसले तर तो थांबतो. मुलाजवळ ती पारख अजून तयार व्हायची आहे.

मग ज्यांना गणित येत नाही त्या आईवडिलांनी काय करावे? प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस एका अशिक्षित गुलाम मुलाला विचारतो: २ फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढशील? मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करा. पण तसे केल्यास ४ चे क्षेत्रफळ ८ नव्हे, १६ होते. सॉक्रेटिस रागावत नाही. जमिनीवर आकृती काढून तो विचारत राहतो. अखेर नवा चौरस जुन्याच्या कर्णावर उभा राहतो, हे मुलगा स्वतः ओळखतो. सॉक्रेटिसला उत्तर ठाऊक होते, आपल्याला नसेल. तरी प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

मोबाईल पालथा ठेवा आणि विचारा, "कसे काढलेस? मला सांग." सांगताना मूल अडखळले तर त्याला पुन्हा तोच भाग पाहू द्या. मग आकडे बदलून तसेच दुसरे गणित करायला सांगा. ते जमले, तर उत्तर त्याचे झाले.

त्याची रीत आपल्या रीतीहून वेगळी असली, तर घाईने खोडू नका. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! कारण साधे होते: आपण तीन आधी बोलतो आणि सहा आधी लिहितो, म्हणून लहान मुले ६३ चे ३६ करतात. आपल्या सात रस्ता चौकात कोणी कुठल्या रस्त्याने आला, यावरून आपण भांडत नाही. तो स्वतःच्या पायांनी आला, एवढे पुरे.

आणि उत्तर चुकले तर "एवढेही येत नाही?" हे शब्द गिळून टाका. ज्या घरात चुकायची भीती असते, तिथेच मूल उत्तर चोरायला शिकते. दिवसभराच्या श्रमानंतर पंधरा मिनिटे शेजारी बसणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. पण तेवढे कोणतेही ॲप आपल्या वतीने करू शकत नाही.