न मागता मिळणारे ११७ रुपये

निमशहरी गावांत घरोघरी इंटरनेट पुरवणारे बरेच जण मूळचे केबलवाले. वहीत नावं, महिन्याला दारात येणारा वसुलीचा पोरगा आणि ‘पुढच्या महिन्यात देतो’ एवढ्या शब्दावर चालणारी उधारी. तळेगाव दाभाडेसारख्या वाढत्या गावात कनेक्शनं हजाराच्या वर गेली की वही पुरत नाही. मग बिलिंग सॉफ्टवेअरचे डेमो सुरू होतात. कनेक्शनमागे दर किती, व्हॉट्सॲपवर बिल जातं का, यूपीआय जोडता येतं का, जीएसटीचा अहवाल निघतो का, असे प्रश्न विचारले जातात. सगळे रास्तच. पण सॉफ्टवेअरमध्ये काय आपोआप घडतं आणि काय कुणी मागितल्यावरच घडतं, हे सहसा कुणी विचारत नाही.

प्लॅनची मुदत संपली की रात्री १२ वाजता सर्व्हर ग्राहकाचं लॉगिन नाकारतो. हे आपोआप. एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराचा पगार ७-१० तारखेला होतो आणि त्याचा प्लॅन ५ तारखेला संपतो, हे वसुलीच्या पोराला तोंडपाठ असायचं. सॉफ्टवेअरला ते कुणीतरी सांगावं लागतं. चार-पाच दिवसांची मुभा देण्याची सोय असली, तरी ती चालू करायची की नाही हे मालकाच्या हातात.

आता उलट बाजू बघू. मावळातला पाऊस आणि रस्त्याकडेची खोदाई यांतून फायबर वाचेल तेवढी वाचते. समजा, जेसीबीनं ती तोडली आणि एक गल्ली कामकाजाचे ५ दिवस बंद राहिली. दूरसंचार नियामक ट्रायनं २००६ मध्ये ब्रॉडबँडच्या सेवेच्या दर्जाचे नियम केले, त्यांत याचं उत्तर होतं. बिघाड कामकाजाच्या ३ दिवसांहून जास्त रेंगाळला तर ७ दिवसांचं भाडं वजा, ७ दिवसांपुढे गेला तर १५ दिवसांचं, १५ ओलांडले तर महिन्याचं. ५०० रुपयांच्या प्लॅनला ७ दिवसांचे साधारण ११७ रुपये होतात. (पुढे नियम बदलले; कोणतं कलम कोणत्या लहान पुरवठादाराला लागू, हा वाद वकिलांकडे सोडू.) ही वजावट हातानं करायची ठेवली, तर जो फोन करून भांडतो त्याला ती मिळते. शेजारच्या निवृत्त बाई भांडत नाहीत, त्या पूर्ण बिल भरतात.

मालकाला चोर म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. त्या गल्लीत २०० घरं असतील तर वजावट २३ हजारांच्या वर जाते. फायबर तोडणारा ठेकेदार निघून गेलेला असतो, जोडणाऱ्याची मजुरी द्यावी लागते आणि वरच्या कंपनीचं बँडविड्थचं बिल काही थांबत नाही. हा फटका त्याला जाणवतो. ग्राहकाला मात्र ११७ रुपयांसाठी अर्धा दिवस घालवणं परवडत नाही. म्हणजे मालकाकडे राहिलेले हे २३ हजार सेवेचे नसतात, लोकांच्या कंटाळ्याचे असतात. मला टोचतं ते हे.

याच तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी, की माणशी वर्षाला एक पैसा जमवायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग काढायचा. टिळकांनी ती उचलून धरली. एक पैसा देणारा माणूस हिशेब मागायला तळेगावापर्यंत येणार नव्हता, हे पैसा गोळा करणाऱ्यांनाही कळत असणार. रक्कम जितकी बारीक तितका देणारा गप्प राहतो आणि सारा भार हिशेब ठेवणाऱ्यावर पडतो. तेव्हा तो भार वही लिहिणाऱ्या माणसावर होता. आज तो सॉफ्टवेअरमधल्या एका चौकोनावर आहे, ज्यात बरोबरची खूण करायची किंवा मोकळा सोडायचा.

डेमोत विक्रेता नेहमी पैसे भरणारा ग्राहक दाखवतो. त्याला थांबवून सांगावं, ‘ही गल्ली ५ दिवस बंद दाखवा आणि तिथल्या सगळ्यांची पुढची बिलं काढून द्या.’ तो क्षणभर गोंधळेल. मग बहुधा म्हणेल की तशी सोय करून देऊ साहेब, पण आजवर कुणी मागितली नव्हती. थोडे पैसे वेगळे पडतील. त्याचा आकडा ऐकून मालक काय करतो, ते पाहण्यासारखं आहे.