बोट सोडण्याची तयारी

विशेष शाळेतून मूल अठराव्या वर्षी बाहेर पडतं, तेव्हा पालकांच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला पडतो. पुढे जायचं कुठे, हे मात्र कुणी सांगत नाही. पेण, रोह्यासारख्या तालुक्याच्या गावी ही पोकळी अधिक जाणवते. तोवर त्या घराचे सगळे धागे एकाच बाईच्या हाती असतात. ती विशेष शिक्षिका असते, संस्थेची कार्यकर्ती असते, कधी गावातली आशाताई. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात तपासणीला कुठल्या वारी जायचं, दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र कशापायी अडकलंय, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कचेरीत कुठल्या टेबलावर पडून आहे, हे तिलाच ठाऊक. तिची बदली झाली, संस्थेचा निधी आटला किंवा मुलानं वयाची अट ओलांडली, की घर पुन्हा जिथल्या तिथे.

म्हणून दिव्यांगांसाठी धावपळ करणाऱ्या प्रत्येकानं पहिल्याच दिवशी स्वतःच्या निरोपाची तयारी सुरू करावी, असं मला वाटतं. आपण नसताना त्या घराचं किती अडतं, यावरूनच त्या कामाचा कस ठरतो.

कायद्यानं शाळा आणि प्रौढपण यांच्यामधला टप्पा मोकळा सोडला आहे. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा २०१७च्या एप्रिलमध्ये लागू झाला. १९९५च्या कायद्यातल्या सात प्रकारांचे एकवीस झाले. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. अठरानंतर काय? बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात पालकत्वाची तरतूद आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करायचा असतो. पण ‘खातेदार सज्ञान आहे, सही त्याचीच लागेल’ असं बँकेच्या खिडकीवर ऐकलं, की तेव्हा कुठे अनेक पालकांना ही तरतूद कळते. कोणी तरी ते सतराव्या वर्षीच सांगायला हवं होतं.

निरोपाची तयारी म्हणजे प्रत्यक्षात काय? अशा बहुतेक घरांत कपाटावर एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तीत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासबुक आणि दहा ठिकाणी मारलेल्या झेरॉक्स एकात एक कोंबलेल्या असतात. कार्यकर्ती येते, पिशवी पालथी करते, हवा तो कागद उचलते आणि काम उरकते. काम होतं, पण आईला काही कळलेलं नसतं. त्याऐवजी हयातीच्या दाखल्याचं काम पहिल्या वर्षी ताईनं करावं, दुसऱ्या वर्षी मुलाच्या बहिणीनं करावं आणि ताईनं शेजारी बसावं, तिसऱ्या वर्षी अडलं तरच फोन यावा. वेळ जास्त जाईल, पण पिशवीचा मालक बदलेल.

आणि ज्याच्यासाठी हे चाललंय, त्याचं काय? एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. पण कार्ड स्वतः काढून वाहकाला दाखवणं आणि नेमक्या थांब्यावर उतरणं हे कुणी शिकवलं, तरच त्या सवलतीला अर्थ. पेण आणि हमरापूर परिसरातल्या गणपतीच्या कारखान्यांत काम टप्प्याटप्प्यानं चालतं. साच्यातून निघालेली मूर्ती घासायची, रंगाच्या वाट्या धुवायच्या, वाळलेल्या मूर्ती फळीवर लावायच्या. डोळ्यांची आखणी सगळ्यांना जमणार नाही. घासकाम मात्र अनेकांना जमेल. तिथे हजेरी लागली, की मालक, शेजारचा कारागीर, चहावाला ही माणसं आपसूक जोडली जातात. एका ताईची जागा पाच माणसांनी घेतली, तर त्याला आधार म्हणता येईल.

यावर रास्त आक्षेप असा, की ‘स्वावलंबना’च्या नावाखाली सरकार हात झटकेल. भीती खोटी नाही. अंथरुणाला खिळलेल्या तरुणाला कोणीही, कधीही ‘आता तुझं तू बघ’ म्हणू नये. त्याला लागणारी मदत आयुष्यभर राहीलच. ती कोण देणार, किती वाजता देणार, नको असेल तर कोणाला सांगायचं, हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे आणि घराकडे यायला हवा. २०१३ साली सुरू झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय दिव्यांग विमा योजनेत सेवांचा मेळ घालून देणारे समन्वयक पैसे घेऊन काम करतात. तरीही २०२३च्या आढाव्यानं त्यांच्या जागी सेवा पुरवणाऱ्यांपासून स्वतंत्र असे वाटाडे नेमण्याची शिफारस केली. पैसा असला, तरी वाट दाखवणारा नेमका कोणाच्या बाजूचा, हा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्रानं २०२२च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. त्यातून गावात एक माहीतगार माणूस ठेवणं अशक्य नाही. पण त्याआधी शाळांनी आणि संस्थांनी एक गोष्ट करावी: मूल सोळाचं झालं, की आईवडील, भावंडं आणि त्या मुलाला समोर बसवून पुढच्या दोन वर्षांचं वेळापत्रक लिहून काढावं. पालकांनीही ते मागून घ्यावं. मागितल्याशिवाय ते मिळणार नाही.