साक्षीचे तप आणि श्रोत्याचा धर्म

कुरुक्षेत्रावर जे घडले ते धृतराष्ट्रास कळले संजयाच्या मुखाने. गीता आपणापर्यंत आली तीही त्याच्याच वाणीतून. व्यासांनी त्यास दिव्य दृष्टी दिली, शस्त्रांपासून अभय दिले. तरीही युद्धाच्या अखेरीस सात्यकीने त्यास धरून वधासाठी खड्ग उगारले, आणि व्यास स्वतः आले म्हणूनच तो वाचला. वर लाभलेल्या साक्षीची ही कथा! मग ज्यास कोणताच वर नाही, त्या परदेशच्या रणभूमीवर जाणाऱ्या वार्ताहराचे काय?

लंडनच्या ‘संडे टाइम्स’ पत्राच्या अमेरिकन वार्ताहर मेरी कोल्विन यांचे चरित्र येथे मननीय आहे. १९९९ साली पूर्व तिमोरातील दिली नगरात सुमारे १५०० निर्वासित, बहुतांशी स्त्रिया व मुले, संयुक्त राष्ट्रांच्या आवारात अडकले होते. बहुतेक वार्ताहर निघून गेले, ह्या राहिल्या. जगाचे लक्ष तिकडे वळले व अखेर ते लोक सुरक्षित स्थळी पोहोचले. २००१ साली श्रीलंकेत स्फोटाने त्यांचा डावा डोळा गेला. २०१२ च्या फेब्रुवारीत त्या सीरियातील होम्स नगरातून एकदा बाहेर पडून पुन्हा आत गेल्या आणि २२ तारखेस तोफांच्या माऱ्यात मरण पावल्या. आपल्या देशाचे छायाचित्रकार दानिश सिद्दीकी १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात असेच कामी आले.

हे धैर्य म्हणावे की साहस? संस्कृतात ‘साहस’ हा शब्द अविचारी कृत्यासही लावतात, हे अनुवादकास विसरून चालत नाही. परिणाम, हानी, हिंसा व स्वसामर्थ्य न पाहता मोहाने आरंभिलेले कर्म गीतेने तामस ठरविले आहे. कीर्तीसाठी किंवा संकटाच्या नशेसाठी जो रणात जातो, तो केवळ आपलाच जीव पणास लावीत नाही. त्याचा वाटाड्या, दुभाषी, गाडीवान हे त्याच भूमीचे रहिवासी. त्यांना परत जाण्यास दुसरा देश नसतो. हा विचार करूनही, ज्यांचे रडणे कोणी ऐकत नाही त्यांच्यासाठी जो जातो आणि पाहिले तेवढेच सांगतो, त्याचे कर्म मात्र वाङ्मय तपच होय.

परंतु तपाचे फळ श्रोत्याच्या हाती असते. धृतराष्ट्राने सर्व ऐकले, पुनःपुन्हा विलाप केला. पण युद्ध थांबविले मात्र नाही. पुत्रमोहाने त्याचे कानही आंधळे केले होते. आपण गृहस्थ सकाळी वर्तमानपत्र उघडतो, तेव्हा त्याच आसनावर बसलेले असतो. आपल्या पक्षाचे मूल मेले तर हळहळावे आणि परपक्षाचे मेले तर पान उलटावे, हे धृतराष्ट्राचेच श्रवण नव्हे काय? खात्री नसलेली वार्ता पुढे न सांगणे, प्रतिकूल सत्यही शांतपणे ऐकणे आणि शत्रूच्या घरच्या शोकावर आनंद न मानणे, एवढे तरी आपणास घरी बसून साधेल. ज्यांनी प्राण देऊन पाहिले, त्यांचे ऋण ह्याच मार्गाने थोडेफार फिटेल.