शरण आलेला ससा आणि प्रयोगाचा ससा

लीळाचरित्रातील सशाच्या रक्षणाची लीळा पंथातील लहानथोरांस परिचित आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी वृक्षाखाली आसनस्थ असता, पारध्यांनी ज्याच्यामागे कुत्री सोडली होती असा एक ससा धावत आला व त्यांच्या जानूतळी दडला. हा पैजेचा ससा आहे, तो सोडता येत नाही, असे पारध्यांनी सांगितले. स्वामींनी त्यांचा धिक्कार केला नाही. रानात राहून तृण खाणारा, ओहोळाचे पाणी पिणारा, कोणाचे काही न घेणारा जीव का मारावा, एवढेच पुसले. पारध्यांचे मन वळले. मग जानु उचलून सशास निरोप दिला.

या लीळेचा अर्थ बहुधा शरणागताच्या रक्षणापुरता केला जातो, आणि तो अर्थ खोटा नाही. परंतु पारध्यांस जे पुसले, त्यात शरणागतीचा उल्लेखच नाही. सशाच्या निरुपद्रवी जीवनाचा आहे. म्हणजे ससा दुसऱ्या वृक्षाकडे पळाला असता तरी तो प्रश्न तसाच उरला असता. जो ससा शरण येऊ शकत नाही, ज्याला पळण्यास रानच नाही, त्याच्याविषयीही तो पुसता येतो. प्रयोगशाळेतील ससा असा आहे.

त्याची कथा थोडक्यात अशी. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत पापण्यांस लावण्याच्या एका रंगाने काही स्त्रियांची दृष्टी गेली. १९३८ साली तेथे सौंदर्यप्रसाधनांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. १९४४ साली तेथील शासकीय शास्त्रज्ञ जॉन ड्रेझ व त्यांचे सहकारी यांनी एक परीक्षा प्रसिद्ध केली. पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात पदार्थ घालावयाचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवावयाचा, आणि लाली, सूज, व्रण यांची दिवसेंदिवस नोंद करावयाची. ससाच का? तर त्याचा डोळा मोठा, स्वभाव गरीब, आणि पालन स्वस्त. ज्या गुणांमुळे पारध्यांस त्याची दया यावी, त्याच गुणांमुळे तो येथे निवडला गेला!

तरीही शास्त्रज्ञास पारध्याच्या पंक्तीस बसविणे न्यायाचे होणार नाही. पारध्याच्या हाती पैज होती. शास्त्रज्ञासमोर अंध झालेल्या स्त्रिया होत्या. इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटो येथे कुत्र्यांवरील प्रयोगांतून लागला, आणि त्यानंतर मधुमेही बालकांचे प्राण वाचू लागले. ते औषध घेणाऱ्याने प्रयोगाची सरसकट निंदा करावी, यात प्रामाणिकपणा नाही. मात्र काजळ आणि इन्सुलिन यांस एकाच तागडीत घालणे हाही अविचारच. पापणी रंगविली नाही म्हणून कोणाचा जीव जात नाही. जेथे गरजच नाही तेथे सशाचा डोळा जाळण्यास पैजेहून अधिक बळकट कारण कोणते?

मनुष्यदेह ज्ञानास अधिकारी आहे, पशुदेह नाही. तेव्हा पशूचा उपयोग मनुष्याने करावा, असे कोणी म्हणेल. पण अधिकार ज्ञानाचा आहे, पीडेचा नव्हे. ज्यास कळते त्याच्याकडेच जाब मागता येतो. सशाकडे कोण मागणार? पाश्चात्त्य देशांत देकार्तने सतराव्या शतकात पशूस यंत्र ठरविले होते. पशूस विचार करता येतो का, यापेक्षा त्यास दुःख होते का हे पाहावे, असे बेंथमने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. जीवाच्या सुखदुःखाचा विचार ज्यांच्या शास्त्रात आरंभापासून आहे, त्यांस यात नवल वाटू नये.

१९५९ साली रसेल व बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी प्रयोगकर्त्यांपुढे तीन गोष्टी ठेवल्या: पशूऐवजी अन्य साधन शोधावे, पशूंची संख्या घटवावी, वेदना कमी करावी. सशाच्या डोळ्याऐवजी आज प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी पेशींचे पटल वापरता येते. कत्तलखान्यातून आणलेल्या गाईच्या डोळ्यावरही परीक्षा होते. ससा सुटला, पण मनास समाधान होत नाही. सौंदर्यप्रसाधनांसाठी पशूंवर प्रयोग करण्यास भारतात २०१४ साली बंदी झाली.

औषधांचे प्रयोग मात्र चालू आहेत. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात, शक्य तेथे प्रयोग टाळावे असे म्हटले आहे. त्याच कलमात असेही आहे की, लहान प्राण्यांवर भागत असेल तर मोठे प्राणी वापरू नयेत. आणि लहान प्राण्यांच्या यादीत गिनीपिग, बेडूक व उंदीर यांजबरोबर ससाही आहे. देहाच्या आकारावरून दुःख मोजण्याची ही रीत कायद्यास सोयीची असेल, पण सशाच्या वेदनेस ती लागू कशी पडते हे कळणे कठीण आहे.

असे प्रयोग करणाऱ्या संस्थेत नैतिक समिती असावी लागते, आणि तीत शास्त्रज्ञ नसलेला, सामाजिक जाण असलेला एक सदस्यही असतो. पुष्कळदा तो सही करून उठतो, अशी शंका घेण्यास जागा आहे. वास्तविक हे प्रयोग कशासाठी, इतकेच ससे का, वेदनाशमनाची सोय कोणती आणि दुसरा मार्ग शोधला होता काय, हे पुसण्यास शास्त्राची पदवी लागत नाही. त्या आसनावर बसणाऱ्याने कागद पुढे आल्यावर ते पुसावे, आणि उत्तर मिळेपर्यंत लेखणी खाली ठेवावी.