वेगळ्या चुलीचा हट्ट

अंध धावपटू सोबत्याच्या हाताशी दोरीने जोडलेला धावतो, एक पाय गमावलेली खेळाडू कृत्रिम पात्यावर उसळून लांब उडी घेते, युद्धात गोळ्या झेललेले आपले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडलबर्गला पोहून सुवर्णपदक आणतात. पॅरालिम्पिकच्या या गोतावळ्यात कर्णबधिरांचा गट मात्र नाही. त्यांना कुणी बाहेर काढलेलं नाही. त्यांच्या जागतिक क्रीडासंघटनेनेच १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीतून आपण होऊन अंग काढून घेतलं आणि डेफलिम्पिक्सची चूल वेगळीच ठेवली.

ही चूल तशी थोरलीच. १९२४ च्या ऑगस्टमध्ये, ऑलिम्पिक उरकून काही आठवडे होतात न होतात तोच, यूजीन रूबेन्स-अल्के या कर्णबधिर फ्रेंच माणसाच्या पुढाकाराने नऊ देशांचे खेळाडू पॅरिसमध्ये जमले. रोमच्या पहिल्या पॅरालिम्पिकला अजून छत्तीस वर्षं होती. काळ कसा होता तेही पाहायला हवं. १८८० च्या मिलान परिषदेत जवळजवळ सगळ्या ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी मिळून ठराव केला होता की कर्णबधिर मुलांना तोंडानेच बोलायला शिकवावं, हातांची भाषा शाळेतून जावी. त्यानंतर दोन पिढ्या वर्गात चोरून, वसतिगृहात दिवे मालवायच्या आधी जी भाषा बोलत आल्या, ती पॅरिसच्या मैदानात भर दुपारी हजारो बोटांनी बोलली गेली असणार. पदकांपेक्षा मला हे मोठं वाटतं.

डेफलिम्पिक्समधली शर्यत सुरू होताना पाहावी. धावपटूने श्रवणयंत्र आधीच उतरवून ठेवलेलं असतं, कॉक्लिअर इम्प्लांटचा बाहेरचा भागही. तसा नियमच आहे. पिस्तुलाच्या बाराऐवजी समोर जमिनीलगत दिवा. लाल, पिवळा, हिरवा, की निघाले. फुटबॉलचा पंच निशाण हलवतो. एवढा फरक सोडला तर अंतर तेवढंच, अडथळे तेवढेच, गोलाची उंची तेवढीच. पॅरालिम्पिकमध्ये कुणाच्या हातापायांत किती बळ आहे, नजर किती उरली आहे, हे तपासून गट पाडावे लागतात. इथे डेसिबलची एक किमान मर्यादा ओलांडली की पुढे कुणी शरीराकडे पाहत नाही. खरा फरक संध्याकाळी, जेवणाच्या दालनात कळतो. तिथे सगळेच हातांनी बोलतात, आणि दुभाषी लागतो तो ऐकू येणाऱ्या पाहुण्याला.

संघटनेचे दीर्घकाळ अध्यक्ष असलेले, स्वतः कर्णबधिर असलेले जेराल्ड जॉर्डन यांची मांडणी अशीच होती: आम्ही अपंग नव्हे, एक भाषिक अल्पसंख्य समाज आहोत. पॅरालिम्पिकमध्ये सामील व्हायचं तर खेळाडूंची संख्या कापावी लागणार, दुभाष्यांचा खर्च परवडणार नाही, आणि मग आमचा खेळाडू तिथल्या गप्पांत पुन्हा एकटाच पडणार.

यातला दुसरा भाग मला पटतो. पहिल्यापाशी मी थबकतो. ‘आम्ही अपंग नव्हे’ हे वाक्य चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला कसं ऐकू येत असेल? आपल्याकडे उतरंडीची सवय जुनी. वर चढताना खाली कुणीतरी असावं लागतं. शिवाय त्या खुर्चीवरचा माणूसही हेच सांगत आला आहे की मला माझे पाय अडवत नाहीत, तुमच्या पायऱ्या अडवतात. म्हणजे कर्णबधिरांचा युक्तिवाद अपंगांच्या चळवळीचाच निघतो. वेगळी निघते ती भाषा, आणि तिचा वारसाही अजब आहे. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांपोटी जन्मतात. त्यांना ही भाषा घरात मिळत नाही, शाळेतल्या मोठ्या मुलांकडून मिळते. म्हणूनच अशी शाळा बंद पडली की ती भाषा पुढे कुणाकडून शिकायची, हा प्रश्न उभा राहतो.

वेगळी चूल ठेवायची तर सरपण कुठून आणायचं, हा प्रश्न उरतोच. हरियाणाच्या ससरोलीचे पैलवान वीरेंदर सिंह यांनी २००५, २०१३ आणि २०१७ अशा तीन डेफलिम्पिक्समध्ये सुवर्णपदकं जिंकली. नोव्हेंबर २०२१ मध्ये पद्मश्री स्वीकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते आपले पुरस्कार घेऊन दिल्लीतल्या हरियाणा भवनाबाहेर पदपथावर बसले. मागणी एकच: पॅरा-खेळाडूंना जे देता, ते आम्हालाही द्या. चळवळीने ज्या नावापासून फारकत घेतली, त्याच नावाच्या बरोबरीने हक्क मागायची ही वेळ. यात त्यांची विसंगती मला दिसत नाही, कारण सरकारदरबारी दुसरी खिडकी उघडीच नाही. कर्णबधिर संस्कृतीचा स्पष्ट उल्लेख करणारं आंतरराष्ट्रीय कलमसुद्धा, तिसावं, २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातच आहे.

इतर भाषिक अल्पसंख्यांना मात्र वेगळी खिडकी आहे. बेळगावातल्या मराठी मुलाला प्राथमिक शाळेत मराठीतून शिकायचं असेल तर राज्यघटनेचं ३५०अ कलम हाताशी असतं. ते पाळलं किती जातं हा वेगळा वाद, पण मागणी करताना त्या मुलाचा कान कुणी तपासत नाही. सांकेतिक भाषा जाणणारा शिक्षक हवा असेल तर कर्णबधिर मुलाच्या पालकांना २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा उघडावा लागतो, आणि त्या कायद्यात बधिर कोण याची व्याख्या दोन्ही कानांत ७० डेसिबलची घट अशी आहे.