न आलेला वास

जाईच्या फुलात इंडोल असतं. माणसाच्या विष्ठेत असतं तेच, त्याच सूत्राचं. शुद्ध इंडोलची बाटली उघडली तर डांबरगोळ्यांच्या जातीचा उग्र, नकोसा दर्प येतो. पण ते वगळून जाईची नक्कल केली, तर वास गोड येतो आणि जाई मात्र हरवते. खऱ्या अर्कात ते दोन-तीन टक्के असतं. बाकी मुख्यतः बेंझिल ॲसिटेट, बेंझिल बेंझोएट, लिनालूल आणि थोडं जास्मोन. मी साताऱ्यात उमेदीची सगळी वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. सेंद्रिय रसायनाच्या तासाला इंडोलचं वलय फळ्यावर काढलं की मुलींना मी हटकून जाईचं सांगत असे. त्या नाकं मुरडायच्या. मला त्यात किळसवाणं काही वाटलं नाही, उलट एक मोठा प्रश्न त्या वलयात बसलेला दिसायचा.

तो प्रश्न मी पहिल्यांदा मामंजींपुढे मांडला. माझे सासरे वाईला शास्त्र शिकलेले. दुपारी ओसरीवर त्यांनी मला अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकवला. कणादाच्या वाटेने जाणाऱ्या त्या दर्शनात गंध हा पृथ्वीचा विशेष गुण. पाण्याला वास आला तर तो पाण्यात मिसळलेल्या पार्थिव कणांचा. नाक हे इंद्रियही पार्थिवच, म्हणून त्याला गंध कळतो. आणि गंधाचे प्रकार दोनच, सुरभि आणि असुरभि. मी विचारलं, "मामंजी, मग इंडोल कुठल्या खान्यात घालायचं?"

ते दुसऱ्या दिवशी बोलले. "सूनबाई, प्रमाण बदललं की वास बदलतो, एवढंच तू दाखवलंस. चांगलं-वाईट द्रव्यात नसून नाकात आहे असं म्हणायचं असेल, तर द्रव्य तेच, प्रमाण तेच आणि तरी वास वेगळा, असं दाखव."

ते दाखवायची वेळ २०२१ साली आली, तेव्हा मामंजी नव्हते.

कोविडमध्ये माझा वास गेला. ताप उतरला, अशक्तपणा गेला, वास परत आला नाही. परसात जाईचा वेल आहे. पावसाळ्यात संध्याकाळी कळ्या उमलायला लागल्या की आमच्या गल्लीत शिरणाऱ्याला तो आधी कळतो आणि मग घर दिसतं. मी त्या वेलाखाली उभी राहत असे आणि मला फक्त हवा लागत असे. देवाची पूजा माझ्याकडेच. आमच्याकडे वाहायचं फूल आधी हुंगत नाहीत, हुंगलेलं फूल उष्टं. लहानपणापासून पाळलेला हा नियम त्या महिन्यांत पाळण्याजोगा राहिला नाही, कारण मोडणंच शक्य नव्हतं. आणि मनात येऊ लागलं की जे माझ्यापाशी पोचतच नाही ते मी देवाला देते आहे, असं म्हणता येईल का? पंचोपचारांत गंध हा पृथ्वीतत्त्वाचा उपचार मानतात. मी बोटावर चंदन घेत होते, फूल वाहत होते, फायाला अत्तर लावत होते. त्यात गंध होता, की नुसता हात हलत होता?

माझ्या एका नात्यातल्या बाईंनी हे सोपं करून टाकलं. "अनुभवच नाही तर ते नाहीच समजायचं," त्या म्हणाल्या, "सगळं मनाचं असतं." अध्यात्माच्या नावाखाली हे वाक्य फार सैल हाताने वापरतात आणि मला ते तेव्हाही पटलं नाही. पटू नये असं एक कारण लवकरच घडलं. शेगडीची नळी सैल झाली होती. मी स्वयंपाकघरात शांतपणे भाजी चिरत होते. शेजारची मुलगी दारातूनच ओरडली, "काकू, गॅस सुटलाय, काही पेटवू नका!" सिलिंडरमधल्या वायूला स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन मिसळतात, आणि ते हवेत अगदी थोडं असलं तरी निरोगी नाक दचकतं. माझ्या स्वयंपाकघरात ते भरलेलं होतं. माझ्या मनात नव्हतं, एवढंच. त्या दिवसापासून गंध बाहेर आहे, वस्तूत आहे, याबद्दल मला शंका उरली नाही. कणादाची बाजू मी वादासाठी घेत नाही, गॅस बाहेर जावा म्हणून खिडक्या उघडताना घेतली.

पुढे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी वासाचा व्यायाम सांगितला. ही पद्धत जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ साली मांडली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास सकाळ-संध्याकाळ, लक्ष देऊन, आठवत हुंगायचे, आणि हे निदान बारा आठवडे. सुगंधी तेलांच्या नावावर जे असंख्य दावे खपतात त्यांत हा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. तेल काही बरं करत नाही, नाकाच्या मज्जातंतूंना पुन्हा पुन्हा काम देतं. चारांत मी पाचवी जाई घातली, स्वतःच्या जबाबदारीवर.

वास आला तो वाकडा आला. कॉफी सडल्यासारखी, कांद्याची फोडणी असह्य. जाईची कुपी उघडली तेव्हा गोडवा अजिबात नाही, फक्त नाली. परसात जाऊन फूल हुंगलं, तिथेही तेच. वेल तोच होता, फुलातलं प्रमाण तेच होतं, आणि शेजारची मुलगी तेच फूल केसांत माळून हसत होती. मामंजींनी मागितलेला पुरावा माझ्याच नाकात होता. गंध द्रव्यात आहे, हे त्यांचं खरं. पण सुरभि आणि असुरभि ही विभागणी द्रव्यात नाही, द्रव्य आणि नाक भेटतात तिथे ती होते. तर्कसंग्रहातली ती वाटणी मी तिथे हलवीन. पुसून टाकणार नाही.

दुसरा एक जुना वाद मला या काळात जवळचा झाला. जीव अणुएवढा आहे की सर्वव्यापी, या चर्चेत ब्रह्मसूत्रात फुलाच्या वासाचा दृष्टांत येतो. फूल एका जागी आणि वास दूरवर, तसा जीव एका जागी आणि चैतन्य सर्वांगात, असा तो पक्ष. शंकराचार्यांना तो मान्य नाही. गुण आपला आश्रय सोडून जाऊ शकत नाही, वासही द्रव्यासकटच फिरतो, असं ते म्हणतात. जीवाबद्दलचा निकाल देण्याचा माझा अधिकार नाही, वासाबद्दल मात्र आचार्यांचं म्हणणं बरोबर निघालं. रेणू प्रत्यक्ष सुटून येतात. मग फूल झिजत का नाही, ही जुनी शंका उरतेच. जाईचं उत्तर असं की ती तोडल्यावरही वास तयार करत राहते. जुने अत्तरवाले तिळाच्या थरांत चमेलीची ताजी फुलं पसरत, म्हणजे आपली जाईच. फुलं पुन्हा पुन्हा बदलत आणि वास प्यायलेले तीळ मग घाण्यात घालत. फ्रान्समध्ये ग्रासला हेच काम काचेवर थापलेल्या चरबीवर चालायचं. वेलापासून तुटलेलं फूल रात्रभर तिळाला देत राहतं. हे मी विद्यार्थिनींना सांगताना थोडी थांबत असे.

वाफेने जाई नीट निघत नाही, उष्णतेने बिघडते. म्हणून आज तमिळनाडूतल्या कारखान्यांत फुलं हेक्झेनमध्ये भिजवतात, हेक्झेन उडवल्यावर उरलेला मेणचट गोळा अल्कोहोलने धुतात आणि मेण गाळतात. किलोभर फुलं म्हणजे आठ-दहा हजार, आणि हजार किलो फुलांतून अर्क एक-दीड किलो, दाट, तांबूस. शे-दोनशे रुपयांच्या बाटलीत तो असणार नाही, हे या हिशेबावरूनच कळावं. मैत्रिणी विचारतात म्हणून सांगते: कातडीवर थेट लावू नका, तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात एक टक्क्याहूनही कमी मिसळा, आधी कोपराच्या आत थेंबभर लावून दिवसभर बघा, पोटात घेऊ नका, गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. आणि जाई झोप आणते असं गृहीत धरू नका. थायलंडमधल्या एका छोट्या अभ्यासात जाईच्या तेलाने पोटावर मालिश केल्यावर श्वासाची गती आणि रक्तदाब वाढले, लोकांना तरतरी आली. मलाही ती रात्रीपेक्षा सकाळीच मानवते.

माझं नाक आता बरंचसं सुधारलं आहे. जाईत गोडवा परतला, त्याच्या तळाशी इंडोल मात्र आता मला स्पष्ट कळतं. पूर्वी ते मी पुस्तकातून जाणत होते. वाईट वाटत नाही, फुलाची ओळख वाढली असं वाटतं.

राहिला देवाचा प्रश्न. चांगलं-वाईट नाक आणि वस्तू यांच्या भेटीत ठरत असेल, तर ज्याला नाक नाही त्याच्यापुढे आपण निवडून सुगंधी फूल ठेवतो त्याला अर्थ काय? मी परंपरेकडे पुन्हा पाहिलं, तेव्हा ती वासाने निवड करतच नाही असं दिसलं. केवड्याएवढा दरवळ क्वचितच कुणाला, पण ब्रह्मदेवासाठी खोटी साक्ष दिली म्हणून शंकराला केवडा वर्ज्य. त्याला चालतात धोतरा आणि रुई, जी फुलं कुणी माळायला घेणार नाही. गणपतीला आवडती जास्वंद, आणि आमच्या दारच्या लाल जास्वंदीला वासच नाही. माझी सगळी घालमेल चालू होती त्या महिन्यांतही ती मी रोज वाहतच होते, आणि तिच्याबद्दल हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.