विपत्तीचे देणे

तस्कनीतील सान जिमिन्यानो या डोंगरमाथ्यावरील गावी आम्ही सहकुटुंब गेलो होतो. श्रीमंत घराण्यांनी परस्परांच्या ईर्ष्येने तेथे ७२ मनोरे उभारले होते म्हणतात. आज १४ उरले आहेत. १३४८ च्या प्लेगने गावाचा कणा मोडला. १३५३ मध्ये ते फ्लॉरेन्सच्या अंकित झाले. जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा पुढे कोणापाशी उरला नाही, म्हणूनच हे रूप टिकले! तेव्हा आपण ज्यावर लुब्ध होतो ते सौंदर्य वस्तुतः विपत्तीचे देणे होय. त्याचा आस्वाद निर्दोष म्हणावा काय? गतकाळापुरता खुशाल म्हणावा. त्या दुःखात आपला हात नाही. परंतु दगडी पायऱ्यांवरून ओझे घेऊन चढणारी एक वृद्धा पाहून आमच्या मंडळींनी विचारले, "तिलाही हे रम्य वाटत असेल का हो?" तेथे मात्र मला 'खुशाल' म्हणवेना.